टोनर आणि शाईची कार्ट्रिज कशी साठवावी, कशी सांभाळावी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळा, पतसंस्था, झेरॉक्सची दुकानं, वकिलांची कार्यालयं आणि घरगुती वापरकर्ते यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला साधे प्रश्न आहेत, अडचणीचे पुढे. उत्तर दुसऱ्या प्रश्नात येऊन गेलं असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. माझ्या प्रिंटरमध्ये टोनर आहे की शाई, हे कसं ओळखायचं?

छापलेला कागद बाहेर येताच हाताला गरम लागला, तर प्रिंटर लेसर आहे आणि आत टोनर, म्हणजे कोरडी पावडर आहे. कागद गार असेल आणि ताज्या छपाईवर ओलं बोट फिरवल्यावर रंग पसरत असेल, तर ती शाई. एचपी १२ए, ८८ए, कॅनन ३०३, ब्रदरचे टीएन मालिकेतले टोनर ही पावडरची कार्ट्रिज. एचपी ८०३, ६८२, कॅनन ७४५ आणि ७४६ ही शाईची. एपसनच्या एल मालिकेत आणि कॅननच्या जी मालिकेत कार्ट्रिज नसतंच. तिथे टाकी असते आणि बाटलीने शाई ओततात.

हा फरक आधी पक्का करा. पावडरचा नियम शाईला आणि शाईचा पावडरला लावल्यामुळेच बहुतेक नुकसान होतं.

२. बरेच दिवस न वापरल्यास टोनर वाळतो का?

नाही. टोनरमध्ये पाणी नसतंच, मग वाळणार काय? ती प्लास्टिकची अतिशय बारीक भुकटी असते. एक कण साधारण ५ ते १० मायक्रॉनचा. त्यात काजळीसारखा काळा रंग, थोडं मेण आणि विद्युतभार धरून ठेवणारे पदार्थ मिसळलेले असतात. सहा महिने बंद असलेला लेसर प्रिंटर चालू केला तरी पहिल्या दोन-तीन पानांत छपाई बहुधा पूर्ववत होते. टोनर वाळत नाही, पण उष्णतेने गोळा होतो आणि दमटपणाने त्याचा भार बिघडतो. शाई मात्र वाळते, तीही नेमकी नोझलच्या, म्हणजे शाई फवारणाऱ्या बारीक छिद्रांच्या, तोंडाशी. तिची कथा प्रश्न १४ पासून पुढे.

३. बंद खोक्यातलं कार्ट्रिज किती दिवस टिकतं?

पावडरचं कार्ट्रिज मूळ पिशवीत, सील न तोडता, बेताच्या तापमानात ठेवलं तर दोन वर्षं आरामात जातं. बऱ्याचदा त्याहून जास्तही टिकतं. शाईच्या बाबतीत खोक्यावर छापलेली तारीख गंभीरपणे घ्यावी. बाटली किंवा कार्ट्रिज एकदा उघडलं की सहा महिन्यांत संपवावं. एपसन हेच सांगतं आणि इतर कंपन्यांची शाईही यापेक्षा फार वेगळी वागत नाही. म्हणून शाईचा वर्षभराचा साठा करू नका. चालू संच आणि त्यावर एक जादा, एवढं पुरे.

४. मार्चअखेर वर्षभराचे टोनर एकदम येतात. ते कुठे ठेवायचे?

सरकारी कार्यालयं आणि अनुदानित शाळांत हे दरवर्षी घडतं. निधी परत जाऊ नये म्हणून मार्चमध्ये खोकी येतात आणि लगेच एप्रिल-मेचा उन्हाळा लागतो. त्यानंतर पावसाळा. म्हणजे टोनर वापरायला काढण्याआधीच त्याच्या वाट्याला वर्षातली सगळ्यात वाईट हवा येते.

जागा निवडताना हे पाहा :

- पत्र्याच्या छताखालची खोली, पोटमाळा आणि लोखंडी कपाटाचा माथा टाळा. वरचा कप्पा खालच्यापेक्षा बराच तापतो. कपाटाचा मधला किंवा खालचा कप्पा घ्या, पण अगदी जमिनीलगत नको. पावसाळ्यात फरशीला ओल येते.
- १० ते ३० अंश सेल्सिअस ही चांगली पट्टी. थोडे दिवस ३५ पर्यंत चालतं. चंद्रपूर, अकोला, नागपूर इथे मे महिन्यात बाहेर ४५ अंशांच्या आसपास असतं. तिथे उत्तर-पूर्व बाजूची खोली निवडा. सर्व्हरची वातानुकूलित खोली असेल तर फारच उत्तम.
- बाहेरच्या भिंतीला खोकी टेकवू नका. चार बोटं जागा सोडा.
- नॅप्थलिनच्या गोळ्या, थिनर, फिनाइल, ब्लीचिंग पावडर याच कपाटात नको. ड्रमवरचा, म्हणजे टोनर कार्ट्रिजमधल्या चकचकीत नळ्यावरचा (प्रश्न १०), थर रसायनांच्या वाफेला नाजूक असतो.
- खोक्यावर किती थर चालतील याचं चिन्ह असतं, ते पाळा. सर्वात खालच्या खोक्याचा पुठ्ठा चेपला की आतल्या ड्रमच्या झाकणावर दाब येतो.
- आल्याची तारीख स्केचपेनने समोरच्या बाजूला मोठी लिहा. नवी खोकी मागे, जुनी पुढे. हे सोडून सगळं केलं जातं, आणि मग तीन वर्षांपूर्वीचा टोनर प्रिंटर बदलल्यानंतर सापडतो.

शेवटची सूचना खरेदी करणाऱ्याला : साठा घेण्याआधी प्रिंटर अजून किती वर्षं टिकणार हे विचारा. १२ए टोनर ८८एच्या प्रिंटरमध्ये बसत नाही.

५. कार्ट्रिज आडवं ठेवायचं की उभं?

टोनर आडवा, प्रिंटरमध्ये बसतो तसाच. महिनोन् महिने एका टोकावर उभा राहिला तर पावडर एका बाजूला दाबली जाते आणि सुरुवातीची पानं अर्धी गडद, अर्धी फिकी येतात. शाईची बाटली उभीच, झाकण वर. शाईच्या कार्ट्रिजसाठी खोक्यावरचा बाण पाहा आणि तसंच ठेवा.

६. शाई फ्रिजमध्ये ठेवली तर जास्त टिकेल का?

नको. फ्रिजमधून बाहेर काढल्यावर बाटलीवर दव धरतं तसंच ते कार्ट्रिजच्या तांब्याच्या संपर्कपट्ट्यांवरही धरतं. फ्रीजरमध्ये शाई गोठू शकते आणि गोठताना कार्ट्रिजमधला स्पंज, सील फाटू शकतं. कॅनडा किंवा उत्तर युरोपात राहणाऱ्यांना हिवाळ्यात पार्सल दाराबाहेर पडून राहिल्यास हीच अडचण येते. अशी शाई आणि टोनरही घरात आणून, पिशवी न फोडता, किमान तीन तास तसेच राहू द्या. मगच उघडा.

७. टोनर भर उन्हात गाडीच्या डिकीत दुपारभर राहिला. आता वापरावा का?

उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत तापमान ६० अंशांच्या वर जाऊ शकतं. टोनरचं प्लास्टिक साधारण ५० ते ६० अंशांच्या दरम्यान मऊ व्हायला लागतं. प्रिंटरमधला फ्यूजर रोलर पावडर कागदावर वितळवतो तो १८० ते २०० अंशांना, पण कण एकमेकांना चिकटायला एवढी उष्णता लागत नाही.

आधी टोनर सावलीत आणून पूर्ण गार होऊ द्या, सुमारे दोन तास. मग पिशवी फोडून आडवा धरा आणि कानाजवळ हळू डावीकडे-उजवीकडे झुलवा. बारीक वाळू सरकल्यासारखा मऊ आवाज आला तर ठीक. आत खडे आपटल्यासारखं वाटलं तर तो लावू नका. गोळे डेव्हलपर रोलरशेजारच्या (पावडर ड्रमकडे नेणाऱ्या रोलरशेजारच्या) पातळ पट्टीत अडकतात, पानावर पांढऱ्या उभ्या रेघा पडतात आणि जोर लावल्यास गिअर तुटतो. हलवून हलवून गोळे फुटतील ही आशा ठेवू नका, ते पुन्हा बारीक होत नाहीत.

८. पावसाळ्यात छपाई फिकी, डागाळलेली येते. टोनर सादळला का?

दहापैकी आठ वेळा कागद सादळलेला असतो आणि नाव टोनरचं येतं. पाकिटातल्या चांगल्या कागदात साधारण ४ ते ५.५ टक्के ओलावा असतो. जुलैत रत्नागिरी, पणजी किंवा मुंबईत हवेची आर्द्रता ८५-९० टक्क्यांवर गेली की उघडा पडलेला गठ्ठा ते पाणी ओढून घेतो. ओल्या कागदावर विद्युतभार टिकत नाही, म्हणून पावडर नीट ओढली जात नाही. फ्यूजरची बरीच उष्णता पाणी उडवण्यात जाते, म्हणून अक्षरं बोटाने पुसली जातात. कागद वळतो, अडकतो आणि दोन दोन पानं एकदम जातात.

तपासणी सोपी आहे. कागदाचं नवं पाकीट फोडून त्यातली पाच पानं लगेच छापा. छपाई सुधारली तर टोनर निर्दोष. मग एवढं करा :

- ट्रेमध्ये दिवसभर पुरतील तेवढीच पानं घाला, ५० ते १००. संध्याकाळी उरलेली पुन्हा पाकिटात.
- पाकिटाचं मेणकागदी वेष्टन फाडून टाकू नका. बाजूने कापा आणि दुमडून रबर लावा. त्यावर प्लास्टिकची पिशवी घातली तर आणखी बरं.
- प्रिंटरच्या सेटिंगमध्ये कागदाचा प्रकार बारीक किंवा हलका निवडला असेल तर तो साधा करा. फ्यूजर त्याप्रमाणे उष्णता ठरवतो.
- सकाळी प्रिंटर चालू केल्यावर पाच-सहा कोरी पानं जाऊ द्या.

नव्या कागदावरही पान सगळीकडे राखाडी येत असेल, तर मात्र पावडरमध्ये दमटपणा शिरला आहे किंवा रिफिलची पावडर हलक्या प्रतीची आहे. त्यासाठी प्रश्न १३.

९. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात का?

टोनर आणि कागदाच्या कपाटात जरूर ठेवा. रंग बदलणारे खडे घेतले तर कधी निकामी झाले ते दिसतं, आणि तव्यावर मंद आचेवर कोरडे करून ते पुन्हा वापरता येतात. असा तवा पुन्हा स्वयंपाकात घेऊ नये, हे सांगायला हवंच. सीलबंद पिशवीतल्या टोनरला पुडीची गरज नसते. उघडलेल्या शाईच्या कार्ट्रिजजवळ मात्र सिलिका जेल अजिबात नको. टोनरला कोरडी हवा हवी आणि नोझलला ओलसर. एकाच डब्यात दोघांचं जमत नाही.

१०. कार्ट्रिज बदलताना ड्रमवर उजेड पडला. खराब होईल का?

निळसर, हिरवा चकचकीत नळा म्हणजे ड्रम. त्याचं कामच उजेडाला प्रतिसाद देणं आहे, म्हणून जादा उजेडाने तो थकतो. खोलीतल्या ट्यूबलाइटखाली एक-दोन मिनिटं चालतात. खिडकीतलं थेट ऊन पडू देऊ नका. चुकून दहा-पंधरा मिनिटं उघडा राहिला, तर काळ्या पिशवीत किंवा जाड कापडात गुंडाळून अंधारात रात्रभर ठेवा. थकवा बराचसा उतरतो. उन्हात तासभर राहिला तर त्या जागी कायमची छटा उमटते आणि ड्रम बदलावाच लागतो.

ड्रमला बोट लावू नका. बोटाचं तेल प्रत्येक पानावर दिसतं. १२ए, ८८ए यांत ड्रम कार्ट्रिजच्या आतच असतो, ब्रदरमध्ये मात्र टोनर वेगळा आणि ड्रम वेगळा. ब्रदर वापरणाऱ्यांनी टोनर बदलताना ड्रम फेकून देऊ नये. एका ड्रमवर चार-पाच टोनर निघतात.

११. टोनर संपत आल्याचा इशारा आला. लगेच बदलायचा का? हलवून चालतो म्हणतात ते खरं का?

खरं आहे. काढून आडवा धरा, डावीकडे-उजवीकडे पाच-सहा वेळा हळू झुलवा, परत लावा. ५० ते १०० पानं सहज निघतात. हे दोनदा करता येतं, तिसऱ्यांदा काही उरलेलं नसतं. जोरात वर-खाली हादरवू नका. वापरलेल्या कार्ट्रिजमध्ये पुसून जमा झालेली पावडरही असते, ती बाहेर पडते.

‘२००० पानं लिहिली होती, १२०० च निघाली’ या तक्रारीचं उत्तरही इथेच आहे. १२एवरची २००० पानं आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या चाचणीतली आहेत, आणि त्यात पानाचा साधारण ५ टक्केच भाग काळा असतो. म्हणजे जेमतेम एक पत्र. काळसर फोटो असलेलं आधार कार्ड, शिक्क्यांनी भरलेला जुना सातबारा किंवा कडेला काळी चौकट येणारी पुस्तकाची झेरॉक्स याच्या कित्येक पट पावडर खातात. झेरॉक्स काढताना झाकण बंद ठेवलं तरी फरक पडतो.

१२. टोनर सांडला. कसा साफ करू?

पंखा बंद करा. घरातला व्हॅक्यूम क्लीनर लावू नका. एवढे बारीक कण त्याच्या गाळणीतून आरपार जाऊन खोलीभर पसरतात, शिवाय मोटरच्या ठिणगीने बारीक भुकटी पेटण्याचा धोकाही असतो. मोठा ढीग पुठ्ठ्याने हळूच पिशवीत सारा, उरलेला गार पाण्याने ओलसर केलेल्या कापडाने टिपा. नाकातोंडाला मास्क लावा.

हातावर, कपड्यावर गारच पाणी. गरम पाण्याने पावडर मऊ होऊन चिकटते. कपडा आधी बाहेर झटका, मग धुवा, आणि डाग पूर्ण जाईपर्यंत इस्त्री फिरवू नका. प्रिंटरच्या आत सांडला असेल तर फ्यूजर गार होईपर्यंत, म्हणजे अर्धा तास थांबा, मगच कोरड्या मऊ कापडाने पुसा.

१३. रिफिल केलेला टोनर किती वेळा चालतो? डाग आणि रेघा का येतात?

१२एसारख्या कार्ट्रिजचा ड्रम साधारण दोन ते तीन रिफिल नीट काढतो. पुढे ड्रम आणि वायपर ब्लेड (ड्रम पुसणारी पट्टी) बदलून आणखी चालवता येतं. रिफिल करण्यात गैर काही नाही. गडबड होते ती घाईत केलेल्या रिफिलमध्ये. कार्ट्रिजला दोन कप्पे असतात : एकात नवी पावडर, दुसऱ्यात ड्रमवरून पुसलेली टाकाऊ पावडर. काही ठिकाणी तापलेल्या सोल्डरिंगने भोक पाडून वरून १०० ग्रॅम पावडर ओततात आणि टाकाऊ कप्पा उघडतच नाहीत. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी तो तुडुंब भरतो आणि पावडर पानांवर, प्रिंटरमध्ये गळायला लागते. कार्ट्रिज पिना काढून उघडलं, दोन्ही कप्पे रिकामे केले आणि त्याच मॉडेलची पावडर भरली, तरच ते रिफिल. समोर उभं राहून करून घ्या.

खुणा अशा वाचायच्या :

- सलग बारीक काळी उभी रेघ : ड्रमला ओरखडा किंवा वायपर ब्लेडला खाच.
- साधारण ७५ मिलिमीटर अंतराने तोच ठिपका : ड्रमवर डाग. ड्रमचा व्यास २४ मिलिमीटर, म्हणून एका फेऱ्याला तेवढं अंतर. ए-फोर पानावर तो तीन-चार वेळा दिसतो. पट्टीने मोजा, दुकानदाराशी वाद घालायची वेळ येत नाही.
- संपूर्ण पान राखाडी : दमट किंवा चुकीच्या मॉडेलची पावडर.
- मध्यभागी फिकं, कडा गडद : पावडर संपत आली.
- अक्षर गडद आहे पण बोटाने पुसलं जातं : दोष टोनरचा क्वचित, बहुतेक वेळा फ्यूजर किंवा ओला कागद (प्रश्न ८).

१४. शाईचा प्रिंटर किती दिवस न वापरता ठेवता येतो?

आठवड्याला एक रंगीत पान, एवढा नेम ठेवा. नुसतं काळं पान छापलं तर बाकीचे तीन रंग बसूनच राहतात, म्हणून पानावर निळा, गुलाबी, पिवळा, काळा असे चारही रंग हवेत. शाळांना मे महिन्याची सुट्टी सगळ्यात जड जाते. पाच-सहा आठवडे कोणी फिरकत नाही, खोली बंद, हवा कोरडी, आणि जूनमध्ये दाखले छापायला घेतले की रंग गायब. शिपाईमामांना चावी देऊन आठवड्याला एक पान छापायला सांगणं नव्या हेडच्या (नोझल असलेल्या, शाई फवारणाऱ्या भागाच्या) किमतीपेक्षा खूप स्वस्त पडतं.

महिन्याला चार-पाच पानंच छापत असाल तर खरं म्हणजे शाईचा प्रिंटर घेऊच नये. साधा लेसर घ्या.

१५. काम झालं की बोर्डावरचं मुख्य बटण बंद करतो. चालेल का?

आधी प्रिंटरचं स्वतःचं बटण, दिवा पूर्ण विझेपर्यंत थांबा, मग बोर्डाचं बटण. प्रिंटर आपल्या बटणाने बंद झाला की हेड उजव्या कडेला जाऊन रबरी टोपीवर बसतं आणि नोझल झाकली जातात. छपाई चालू असताना मुख्य बटण दाबलं तर हेड मध्येच उघडं राहतं. उन्हाळ्यात एका रात्रीत सुकायला तेवढं पुरतं.

लाईट गेली तरी तेच होतं. लाईट आल्यावर काम नसलं तरी प्रिंटर एकदा चालू करून त्याच्या बटणाने बंद करा. लेसरला ही भानगड नाही.

१६. रंग तुटक येतात. हेड क्लीनिंग किती वेळा करायचं?

क्रम असा ठेवा. प्रथम नोझल चेकचं पान काढा. जाळीच्या रेघा तुटल्या असतील तर एकदा क्लीनिंग आणि पुन्हा नोझल चेक. असं जास्तीत जास्त तीन वेळा. तरी तुटक असेल तर प्रिंटर बंद करून किमान १२ तास तसाच ठेवा. या वेळात टोपीतल्या ओलाव्याने सुकलेली शाई मऊ होते आणि नळीतले हवेचे बुडबुडे वर जातात. दुसऱ्या दिवशी परत एकदा. बरेच प्रिंटर याच टप्प्यावर सुटतात आणि बरेच मालक नेमका इथेच धीर सोडतात.

त्यानंतरचा उपाय पॉवर क्लीनिंग, म्हणजे नेहमीपेक्षा जोरदार क्लीनिंग. ते करताना एपसनच्या टाक्या किमान एक तृतीयांश भरलेल्या हव्यात, नाही तर नळीत हवा ओढली जाते. यात खूप शाई जाते, ती सगळी आतल्या पॅडमध्ये (प्रश्न २१). सलग दहा वेळा क्लीनिंग दाबणं म्हणजे शाई विकत घेऊन गटारात ओतणं.

१७. एचपी ८०३ किंवा कॅनन ७४५ सुकलं. घरी काही करता येईल का?

येईल, कारण यांचं हेड कार्ट्रिजवरच असतं. बशीत कोमट डिस्टिल्ड पाणी घ्या. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायला विकत मिळणारं पाणी चालतं, पण ते खरंच डिस्टिल्ड असल्याची खात्री करा, आम्ल नव्हे. नळाचं किंवा बोअरचं पाणी नको, त्यातले क्षार नोझलमध्ये बसतात. टिश्यू कागदाची चार पदरी घडी ओली करून त्यावर कार्ट्रिज नोझलच्या बाजूने दोन-तीन मिनिटं टेकवा. मग कोरड्या टिश्यूवर तीन-चार सेकंद हलकेच दाबा. रंगीत कार्ट्रिजचे तीन स्पष्ट वेगळे पट्टे उमटले तर काम झालं. चोळू नका, रंग एकमेकांत जातात.

तांब्याच्या पट्ट्या वेगळ्या कापडाने पुसा, आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक थेंब पुरतो. दोनदा करूनही पट्टा उमटला नाही तर नवं घ्या. थर्मल (शाई तापवून फवारणारं) हेड असल्यामुळे आतला तापणारा भाग जळलेला असू शकतो, त्यावर पाण्याचा उपाय नाही. शाई नसताना छापत राहिलं की तो जळतो.

१८. अर्धं वापरलेलं शाईचं कार्ट्रिज काढून नंतर लावता येतं का?

आठवडा-दहा दिवस, हो. घट्ट झाकणाचा डबा घ्या, तळाशी ओलसर टिश्यू ठेवा आणि कार्ट्रिज असं ठेवा की नोझल टिश्यूला लागणार नाही. खोक्यातून निघालेली मूळ पट्टी परत चिकटवू नका, सेलोटेप तर नकोच. पट्टीखाली रंग एका नोझलमधून दुसरीत झिरपतात, सेलोटेपचा गोंद उरतो. शक्य असेल तर कार्ट्रिज काढूच नका, प्रिंटरच्या टोपीइतकी चांगली जागा दुसरी नाही. पावडरचा टोनर अर्धा वापरून काढला तर नुसता काळ्या पिशवीत आडवा ठेवा, महिनोन् महिने राहतो.

१९. टाकी भरताना काय सांभाळायचं? चुकून दुसऱ्याच रंगाची शाई ओतली तर?

शाई खालच्या रेघेच्या खाली जाऊ देऊ नका, वरच्या रेघेच्या वर भरू नका. ओतून झाल्यावर टाकीचं आणि बाटलीचंही झाकण घट्ट लावा.

एपसन ००३ किंवा कॅनन जीआय-७९० च्या बाटल्या कोणत्याही टाकीत ओतता येतात, म्हणून चूक होते. झाली तर सर्वात आधी छपाई आणि क्लीनिंग थांबवा. शाई टाकीतून नळीत जाते ती छापताना किंवा क्लीनिंगच्या वेळी. लगेच लक्षात आलं तर लांब नळी लावलेल्या सिरिंजने टाकीतली सगळी शाई उपसा, डिस्टिल्ड पाण्याने टाकी दोन-तीन वेळा धुवून उपसा आणि मग योग्य शाई भरा. पिवळ्या टाकीत काळी पडली तर थेंबानेही रंग बिघडतो. काळ्यात पिवळी थोडी पडली तर फारसं कळतही नाही. छपाई होऊन गेली असेल तर नळ्या धुवाव्या लागतात, ते काम सर्व्हिस सेंटरला द्या.

२०. स्वस्तातली लोकल शाई वापरली तर चालेल का?

डाय आणि पिगमेंट यांची गल्लत केली नाही तर बरेच जण चालवतात. डाय शाई पाण्यात पूर्ण विरघळलेली असते, पिगमेंटमध्ये रंगाचे घन कण तरंगत असतात. एपसन ००३ चारही डाय आहेत. कॅनन जीआय-७९० मध्ये काळी पिगमेंट, बाकी तीन डाय. पिगमेंटच्या टाकीत डाय काळी ओतली तर दोन्ही मिसळून गाठी होण्याची शक्यता असते, आणि छापलेला कागद पावसात भिजला की अक्षरं वाहतात. एकदा एक शाई लावली की टाकी संपेपर्यंत तीच ठेवा. हेड कायमचं बसवलेल्या एपसनमध्ये हा जुगार महाग पडतो. कॅनन जी मालिकेतल्या बऱ्याच मॉडेलचं हेड निदान बदलता तरी येतं.

२१. ‘वेस्ट इंक पॅड भरलं’ असा संदेश आला. दुकानदाराने सॉफ्टवेअरने रिसेट करून दिलं. झालं का काम?

अर्धंच. क्लीनिंगची शाई प्रिंटरच्या तळाशी असलेल्या स्पंजमध्ये जाते. रिसेट केल्याने फक्त मोजणी शून्यावर येते, स्पंज तेवढाच भिजलेला राहतो. काही महिन्यांनी शाई टेबलावर, कागदपत्रांवर उतरते. रिसेटबरोबर पॅड बदलून घ्या. नव्या काही मॉडेलमध्ये मेंटेनन्स बॉक्स, म्हणजे टाकाऊ शाईचा सुटा डबा असतो, तो दोन मिनिटांत स्वतः बदलता येतो.

२२. बदली झाली, प्रिंटर टेम्पोतून न्यायचा आहे. शाई सांडणार नाही ना?

टाकीचा प्रिंटर सपाटच न्यायचा, तिरका किंवा आडवा अजिबात नाही. झाकणं घट्ट करा. एपसनच्या जुन्या काही मॉडेलना टाकीजवळ वाहतुकीचा खटका असतो, तो बंद करा आणि पोचल्यावर उघडायला विसरू नका. विसरलात तर छपाई हळूहळू कोरडी पडत जाते. हेड टोपीवर आहे याची खात्री करून (प्रश्न १५) प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळा. बाटल्या वेगळ्या पिशवीत, उभ्या. लेसर प्रिंटर नेताना टोनर काढून काळ्या पिशवीत आडवा ठेवा, मशीनमध्ये राहिला तर खड्ड्यांनी पावडर आत उडते. पोचल्यावर टाकीच्या प्रिंटरचं आधी नोझल चेक करा.

२३. तारीख उलटून गेलेलं कार्ट्रिज वापरू का?

टोनर असेल तर प्रश्न ७ मधली आवाजाची परीक्षा घ्या आणि बिनदिक्कत वापरा, हमी मात्र मिळणार नाही. शाईची बाटली सीलबंद असेल आणि तारीख दोन-चार महिनेच मागे गेली असेल, तर उजेडासमोर धरून तळाशी गाळ आहे का पाहा. डाय शाईत गाळ दिसला तर टाकून द्या. पिगमेंट शाई थोडी खाली बसतेच, बाटली सावकाश उलटीसुलटी करून एकजीव होते का ते पाहा. उघडून वर्ष झालेली बाटली कितीही महागाची असली तरी टाकीत ओतू नका.

२४. रिकामी कार्ट्रिज भंगारवाल्याला दिली तर?

देऊ नका. भंगारातून मूळ खोक्यासकट गेलेली रिकामी कार्ट्रिज पुन्हा भरून ‘ओरिजिनल’ म्हणून बाजारात येतात, म्हणून निदान खोकं फाडून टाका. जाळणं तर पूर्ण वर्ज्य. पावडर भडकते आणि धूर विषारी असतो. ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि त्यांच्या यादीत कार्ट्रिजसह प्रिंटर येतो. त्यामुळे रिकामी कार्ट्रिज कंपनीच्या परतीच्या योजनेत किंवा नोंदणीकृत ई-कचरा पुनर्वापर केंद्रालाच द्यावीत. संस्थांनी दिल्याची पावती जडवस्तू नोंदवहीला जोडून ठेवावी, लेखापरीक्षणात ती मागतात. देईपर्यंत टोनर त्याच्याच पिशवीत तोंड बांधून ठेवा, आणि शाईची कार्ट्रिज वेगळ्या पिशवीत.